गोळी नेमकी कुठे अडते तेही छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

अँटिबायोटिकवर पेपरात बरंच येतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका वगैरे, ते बरोबरच आहे पण ती गोळी शरीरात करते काय हे कुणी सांगतच नाही, आणि खरी गंमत तर तिथेच आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिनचंच उदाहरण घ्या, घरोघरी असते. ती जाऊन बसते बॅक्टेरियाच्या रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रात. रायबोसोमचे दोन भाग, छोटा भाग एमआरएनएवरची (प्रोटीनचा संदेश आणणारा रेणू) तीन-तीन अक्षरं टीआरएनएशी (अमिनो आम्लं आणून देणारा रेणू) जुळवून बघतो आणि मोठ्या भागात अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे मणी, एकमेकांना जोडली जातात, मग तयार होणारी साखळी एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. गोळी त्या बोगद्याच्या तोंडाशीच अडकते, साखळी पुढे सरकत नाही, प्रोटीन बनणं थांबतं!

आपल्या पेशींच्या रायबोसोममध्ये त्याच जागी, रायबोसोम ज्याचा बनलाय त्या आरएनएचं, एक अक्षर वेगळं आहे, ए ऐवजी जी, म्हणून तिथे ती नीट चिकटत नाही. आणि काही बॅक्टेरिया त्याच अक्षरावर एक मिथाइल गट (अणूंचा छोटासा तुकडा) चढवतात की गोळी निकामी. रेझिस्टन्स रेझिस्टन्स म्हणतात, म्हणजे बॅक्टेरिया औषधाला दाद न देणं, त्यातला एक प्रकार हा.

२००० च्या सुमाराला रायबोसोमची ही रचना अणूंपर्यंत दिसली आणि कळलं की अमिनो आम्लं जोडायचं काम तिथलं प्रोटीन नाही तर आरएनएच करतं. २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल यासाठीच, वेंकी रामकृष्णन, स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना. तेव्हा वेंकींचा चिदंबरमचा जन्म आणि बडोद्याचं शिक्षण सगळ्यांनी छापलं, रायबोसोम मात्र दोन ओळींत उरकला. आकृतीसकट अर्धं पान द्या की, लोक नक्की वाचतील.

आपला एक वाचक