नेटवरच्या माणसाची बाजू

प्रिय बंड्या,

‘ज्यांना सिंगल्स झेपत नाही ते डबल्स खेळतात’ हे तुझं बॅडमिंटनबद्दलचं वाक्य आठवडाभर डोक्यात घोळतंय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसलो. आता पुरतं वाच.

तू पडलास मागून स्मॅश ठोकणारा, त्यामुळे नेटवर उभा असलेला पार्टनर तुला फुकटचा वाटणारच. हेंद्रा सेतियावानच्या जुन्या मॅचेस लाव एकदा. इंडोनेशियाचा, मध्य जावातल्या पेमालांगचा, १९८४ सालचा जन्म. मार्किस किडोबरोबर २००७ मध्ये क्वालालंपूरला वर्ल्ड चॅम्पियन झाला. पुढच्या वर्षी बीजिंगला ऑलिंपिक फायनल, समोर चीनचेच काय युन आणि फू हाइफेंग, सगळं स्टेडियम त्यांच्या बाजूने. पहिला गेम १२-२१ असा गेला, आणि तरी हे दोघे सुवर्ण घेऊन परतले. त्यानंतर मोहम्मद अहसानबरोबर २०१३, २०१५ आणि २०१९ अशी आणखी तीन वर्ल्ड टायटल्स. पार्टनर बदलला तरी जिंकणं थांबलं नाही. मग यात ‘फुकटचा’ कोण, सांग बरं?

किडो काय, अहसान काय, दोघेही मागून फोडून काढणारे. टाळ्या त्यांना. हेंद्रा पुढे रॅकेट छातीपाशी धरून उभा, चेहरा असा की बँकेच्या रांगेत नंबर यायची वाट बघतोय. पण डबल्समध्ये नुसत्या स्मॅशने पॉइंट मिळतो कुठे? समोर दोघं शेजारी-शेजारी बसकण मारून तयार असतात, पहिला स्मॅश आरामात परतवतात. त्यांचा तो सपाट परतावा नेटवरचा माणूस मधेच कापतो, शटल खाली दाबतो, आणि मग समोरच्याला उंच उचलून देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तेव्हा कुठे मागच्याला मारायला मिळतं. म्हणजे तुझा स्मॅश हा पुढच्याने वाढलेल्या ताटावरचा शेवटचा घास, बाबा. हेंद्राची बॅकहँड सर्व्ह नेटला जेमतेम चुकवून पडायची आणि तिच्यावर काय परतणार हे त्याला आधीच कळलेलं असायचं. पाय फार हलायचे नाहीत, कारण तो अगोदरच तिथे असायचा. जिथे दुसऱ्या कुणी जीव खाऊन मारलं असतं, तिथे हा दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत शटल नुसतं सोडून द्यायचा. मला विचारशील तर त्याच्या काळातल्या सगळ्या डबल्सवाल्यांत हाच पहिला. कोरियाचा ली योंग-दे तुझा लाडका आहे हे माहीत असूनही लिहितोय.

२०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये अहसानबरोबर गटातच गाशा गुंडाळावा लागला. जोडी फुटली. हेंद्रा पुढच्या वर्षी मलेशियाच्या तान बून हिओंगबरोबर खेळला, पण ते काही जमलं नाही. २०१८मध्ये पुन्हा अहसान. लोक या जोडीला ‘डॅडीज’ म्हणू लागले. आणि मग २०१९! ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेच्या फायनलला हेंद्राची पोटरी दुखावलेली. पहिला गेम ११-२१. पुढचे दोन २१-१४, २१-१२. अहसान दोघांच्या वाटचं धावला हे खरंच, पण एका पायावर उभ्या माणसाने नेट सोडलं नाही हेही बघ. त्याच वर्षी २५ ऑगस्टला बासेलमध्ये वर्ल्ड फायनल. आपण सगळे त्या दिवशी सिंधूच्या सोन्यात दंग होतो. त्याच दिवशी, स्वतःच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला, हेंद्राने चौथं टायटल घेतलं.

किडोचं मात्र वाईट वाटतं रे. जून २०२१मध्ये टांगेरांगला खेळता खेळताच कोसळला, वय फक्त ३६.

आता आपल्याकडची डबल्सची जोडी, सात्त्विक रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी. सात्त्विकच्या ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा आकडा तुला तोंडपाठ असेल. चिरागचा असा एकही आकडा सांगता येत नाही, कारण नेटवरच्या टॅपचा वेग कोण मोजतो? सुरुवातीला दोघेही मागून मारणारेच होते. मलेशियन कोच तान किम हर यांनी त्यांची जोडी लावली आणि आपल्या मुंबईच्या या उंच पोराला पुढचं काम शिकावं लागलं. जानेवारी २०२२ची इंडिया ओपन फायनल आठव, कोविडमुळे रिकामं स्टेडियम, तेही आपल्या खाशाबा जाधवांच्या नावाचं. समोर हेंद्रा-अहसान. २१-१६, २६-२४ अशी आपली पोरं जिंकली. दुसऱ्या गेममध्ये सदतीस वर्षांचा हेंद्रा चोविशीतल्या चिरागला काय काय करायला लावतो ते बघ. मी तर भारतीय असून थोडा वेळ त्याच्याच बाजूला झुकलो होतो. मग मे महिन्यात बँकॉकला थॉमस कप, म्हणजे पुरुषांचं सांघिक विश्वविजेतेपद, आलाच.

आपल्याकडे डबल्सवाल्यांना सावत्र वागणूक मिळाली ती तुझ्यासारख्या मतांमुळेच. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०११मध्ये लंडनला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ आणलं. ज्वालाचा जन्म वर्ध्याचा, हे तरी आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

हेंद्रा आणि अहसान जानेवारी २०२५मध्ये जकार्तालाच, एकाच स्पर्धेत, बरोबरच निवृत्त झाले. एकट्याने निरोप घ्यायचा प्रश्नच नव्हता.

दिवाळीत येशील तेव्हा रॅकेट आण, गुडघ्याचा पट्टाही आण. कोर्ट मी बुक करतो. तू मागे उभा राहा आणि हवं तेवढं ठोक. सर्व्ह मी करणार, आणि मधे ‘माझं, माझं’ ओरडत पुढे धावत यायचं नाही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या