झाड न विकणाऱ्या नर्सरीवाल्या काकांना

काका,
स. न. वि. वि.

गंगापूर रोडच्या तुमच्या नर्सरीत मी ॲस्परॅगस फर्नची कुंडी उचलली होती. बुकेमध्ये लावतात तसलं नाजूक, पिसासारखं हिरवं. पैसे द्यायला आले तर तुम्ही आधी विचारलंत, "घरात कुत्रं-मांजर आहे का?" बोका आहे म्हटल्यावर कुंडी सरळ मागे ठेवलीत. म्हणालात, हे नावालाच फर्न, खरं शतावरीच्या जातीचं. फळं पोटात गेली तर उलट्या-जुलाब, आणि अंगाला सारखं घासलं तर खाज. हातातलं गिऱ्हाईक असं कोण सोडतं हो?

त्याऐवजी तुम्ही बॉस्टन फर्न आणि बर्ड्स नेस्ट दिलंत. दोन्ही खरे नेचे, म्हणजे खरे फर्न, कुत्र्या-मांजरांना विषारी नसलेले. घरातला मनी प्लांटही बोक्याच्या तोंडी लागू देऊ नका म्हणालात, कारण त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक तोंडात टोचतात. तो आता गॅलरीबाहेर टांगलाय.

सगळ्यात मोठे उपकार त्या फोटोचे. बॉस्टनच्या पानांमागे तपकिरी ठिपके दिसले आणि सासूबाई कीड म्हणून फवारा घेऊन उभ्याच राहिल्या. मी फोटो पाठवला. तुमचं उत्तर आलं: "ठिपके कडेने ओळीत, सारख्या अंतरावर आहेत ना? मग ते बीजाणूंचे पुंजके आहेत, नेच्याचं बी म्हणा. कीड अशी शिस्तीत बसत नाही. औषध मारू नका, बोका चाटेल." मी पान उजेडात धरून पाहिलं. पानातल्या प्रत्येक छोट्या पात्याच्या दोन्ही कडांना मापून लावल्यासारखी ठिपक्यांची रांग! सासूबाई आता आल्यागेल्याला पान उलटं करून दाखवतात.

त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळ्यात कड्याकपारीत नेचे आपसूक उगवतात, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बॉस्टनची टोकं करपतातच. पसरट ताटलीत खडे, त्यात पाणी आणि वर कुंडी, हा तुमचा उपाय बरा चाललाय. फक्त बुड पाण्यात बुडू देत नाही. कूलरच्या झोतातून कुंडी हलवलीय. बर्ड्स नेस्टला पाणी कडेनेच घालते, पानांच्या मधल्या पेल्यात साचलं तर कोंब कुजतो म्हणून.

बोका अधूनमधून बॉस्टनची टोकं कुरतडतो. जास्त झालं की ओकतो आणि फरशी मी पुसते. विषारी नाही म्हणजे पोटभर खायचं, असं थोडंच आहे! पण निदान दवाखाना गाठायची धास्ती नाही.

एक विनंती. ॲस्परॅगसच्या कुंड्यांवर 'मांजर-कुत्रं असेल तर नको' अशी चिठ्ठी लावाल का? तुम्ही जेवायला गेलात की तिथला पोऱ्या काही विचारत नाही. आणि हंसराज नेच्याची एक कुंडी माझ्यासाठी बाजूला ठेवा, मात्र पाऊस सुरू झाल्यावरच नेईन. त्याची माती जरा सुकली की पानं लगेच मान टाकतात, उन्हाळ्यात माझ्याच्याने ते होणार नाही.

आपली,
बोकेवाली ताई