ओव्हरक्लॉकिंगआधी अडते कुठे ते पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या कन्सोलचे गेम इम्युलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) अडखळू लागले की ‘प्रोसेसर ओव्हरक्लॉक करा’, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवा, हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. त्यापायी लोकांचे तासन्‌तास आणि कधी कधी गेमचे सेव्हही वाया जातात, म्हणून हे पत्र.

इम्युलेशनचा मुख्य भार बहुतेक वेळा एक-दोन थ्रेडवरच (प्रोसेसरमधल्या कामाच्या स्वतंत्र धाग्यांवर) पडतो. त्यामुळे १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर टास्क मॅनेजर जेमतेम १५ टक्के वापर दाखवत असला, तरी नेमका हवा तो थ्रेड तुडुंब भरलेला असू शकतो. पीसीएसएक्स२ या प्लेस्टेशन २ च्या इम्युलेटरमध्ये ईई (कन्सोलचा मुख्य प्रोसेसर), जीएस (ग्राफिक्स) आणि व्हीयू (व्हेक्टर गणित) यांचा वापर पडद्यावर वेगवेगळा दिसतो. ईई १०० टक्क्यांना टेकला असेल आणि ग्राफिक्स कार्ड मोकळे असेल, तर प्रोसेसरचा वेग वाढवून उपयोग होईल. कार्डच भरले असेल, तर इंटर्नल रिझोल्यूशन (गेमचे चित्र ज्या आकारात रेखाटले जाते तो) ६ पटींवरून ३ पटींवर आणा. पिक्सेल चौथ्या हिश्श्यावर येतात. नवे दृश्य पहिल्यांदा दिसतानाच झटका बसत असेल, तर तो शेडर कंपायलेशनचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डसाठीचे छोटे प्रोग्रॅम ऐनवेळी तयार होण्याचा. डॉल्फिन या गेमक्यूब आणि वीच्या इम्युलेटरमधले उबरशेडर त्यासाठीच आहेत.

आणखी एक गल्लत फार होते. इम्युलेटरमधला ‘ईई सायकल रेट’ वाढवला की वेग वाढतो तो आतल्या आभासी कन्सोलचा. आपल्या प्रोसेसरवरचे ओझे त्याने उलट वाढते.

इंटेलमध्ये मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) वाढवायला साधारणपणे नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा चिपसेट लागतो. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्‌झवरच राहू द्या आणि मल्टिप्लायर एकेकाने चढवा. मिळकत किती, याचा हिशेब आधी करावा: ४.५ वरून ५ गिगाहर्ट्‌झ म्हणजे ११ टक्के. ५४ फ्रेमवर अडलेला गेम त्याने ६० ला पोहोचेल, ४० वर अडलेला नाही. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावे लागले, तर वीज आणि उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, कारण वेगाचा परिणाम सरळ प्रमाणात, तर व्होल्टेजचा वर्गाने होतो. कूलरला ते झेपले नाही, तर प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो आणि केलेले सगळे पाण्यात जाते.

एएमडीच्या रायझनवर सगळ्या कोअरना एकच ठरावीक वेग देणे तर बहुधा तोट्याचेच. एकट्या कोअरचा बूस्ट (आपोआप वाढणारा वेग) त्याहून वर जात असतो, आणि इम्युलेटरला हवा असतो नेमका तोच. पीबीओ (प्रोसेसरला बूस्ट आणखी वाढवू देणारी सोय) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर (दर वेगाला मिळणारे व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) उणे १० पासून सुरू करावा. यात मशीन कोसळते ते पुष्कळदा हलक्या कामात किंवा निष्क्रिय असताना. तेव्हा सगळे कोअर तापवणारी तासाभराची चाचणी पुरेशी नाही, एकेक कोअर स्वतंत्र तपासायला हवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ’ची (WHEA, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकांची) एकही नोंद दिसली, तर एक पायरी मागे या.

अस्थिर प्रोसेसर दर वेळी निळा पडदा दाखवतोच असे नाही. कधी गणित गुपचूप चुकते आणि बिघडलेला मजकूर आभासी मेमरी कार्डवर लिहिला जातो. सेव्ह स्टेटवर (इम्युलेटरने गोठवून ठेवलेल्या गेमच्या स्थितीवर) विसंबू नका. चाचण्या सुरू करण्याआधी मेमरी कार्डची फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.

आपला,
एक वाचक