कूपरेजवरच्या शिव्या परत घेतो

कोल्हापूर,
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय बाळ्या,

हाँगकाँगकडून हरलो त्या रात्री तू ग्रुप सोडलास, त्याला आता पावणेतीन महिने होत आले. जादा वेळेतली त्यांची ती पेनल्टी गोलात गेली आणि तू लिहिलंस, 'पुन्हा इंडियाची मॅच बघितली तर नावाचा नाही.' फोनवर फुटबॉलचा विषय काढला की तू पावसाचं विचारतोस. म्हणून पत्र लिहितोय. पत्र मध्येच कट करता येत नाही.

परवा शुक्रवारी इंडियाचा कोच म्हणून खालिदची पहिली मॅच झाली. खालिद जमील, मुंबई एफसीवाला. १ ऑगस्टला त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा मी तुला मेसेज टाकला होता, तू नुसता अंगठा दाखवलास. सावियो मेदेराच्या नंतर, म्हणजे तेरा-एक वर्षांनी, या खुर्चीवर भारतीय माणूस बसला भावा. आणि त्याआधी जुलैत काय तमाशा झाला! बार्सिलोनावाल्या झावीने ह्याच खुर्चीसाठी अर्ज केलाय म्हणून बातमी आली. आपल्या तालमीतल्या पोरांनी तर झावी आल्यावर मिडफिल्डला कोण खेळणार याची टीमसुद्धा काढली. दुसऱ्या दिवशी फेडरेशननेच सांगितलं की तो ईमेल खराच नव्हता. पेठेत अजून कुणी फार फुशारकी मारायला लागला की 'बस बस, झावीचा अर्ज' म्हणतात.

तर मॅच. हिसोरला, ताजिकिस्तानात, त्यांच्याच मैदानावर. आपल्याकडे रात्री नऊ. गणपतीचा तिसरा दिवस, मंडपात भजनी मंडळ बसलेलं, त्यामुळे मोठा पडदा मागायची सोयच नव्हती. शेवटी मंडपाच्या मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली, मोदकांच्या रिकाम्या डब्याला टेकवून माझा मोबाइल उभा केला. नऊ डोकी, एक मोबाइल. वरून ताडपत्रीतनं पाणी ठिबकतंय आणि एक पोरगं मोबाइलवर छत्री धरून उभं. स्वतः भिजत होतं.

पाचव्या मिनिटाला आपल्या उवैसने थ्रो टाकला. थ्रो कसला, कॉर्नरच म्हण. थेट गोलच्या तोंडात. अन्वर अलीने डोकं लावलं, गोल. उवैसचा हा देशासाठी पहिलाच सामना, पोरगा जमशेदपूरला खालिदच्याच हाताखाली खेळलेला. तेराव्या मिनिटाला परत तसाच गोंधळ त्यांच्या गोलसमोर आणि झिंगनने जवळनं ढकलला. दोन-शून्य. भजन थांबलं रे! मृदंगवाले काका वाकून विचारतात, 'काय झालं?' म्हटलं, 'इंडिया दोन.' ते म्हणाले, 'कुणाच्या?' त्यांना वाटलं क्रिकेट, दोन विकेट.

आता तुला एक आठवण करून देतो, राग मानू नकोस. २०१५ चा हंगाम. आपण दोघं डोंबिवलीच्या खोलीवर राहायचो. सुट्टीच्या दिवशी चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत कूपरेज स्टेडियम गाठायचो, हातात वडापावची पुडी. मुंबई एफसी काय खेळायची? दहा जण मागे आणि लांब चेंडू पुढे. थ्रो मिळाला तरी आनंद. त्यांचा कोच खालिद रेषेवर उभा राहून घसा फाडायचा आणि आपण त्याच्या पाठीमागं बसून त्याला शिव्या घालायचो. तू तर म्हणाला होतास, 'ह्याला फुटबॉल नको, ह्याला नुसतं हरायचं नाहीये.' ते वाक्य मी दहा वर्षं लोकांना तुझ्या नावानं ऐकवलं.

२०१६ मध्ये सात वर्षांनी त्याला मुंबई एफसीने नारळ दिला. पुढच्याच हंगामात तो मिझोरामच्या ऐझॉल क्लबला गेला. आदल्या वर्षी खालच्या डिव्हिजनला उतरलेली आणि कशीबशी परत घेतलेली टीम, आणि तिला घेऊन गडी आय-लीग जिंकला. मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली आणि पुढे बंदच पडली. तेव्हा आपण काय म्हणालो? नशीब.

परवा मात्र मोबाइलसमोर बसलेले आम्ही नऊ जण त्याच लांब थ्रोला, त्याच मागे बसलेल्या दहा जणांना ओरडून ओरडून टाळ्या देत होतो. हेच तुला सांगायचं होतं. फुटबॉल तोच आहे बाळ्या, कूपरेजवरचाच. आपलीच भूक आता वेगळी झालीय.

कारण बघ ना, भूक किती होती. खालिदच्या आधीचा कोच मानोलो मार्केझ चांगला माणूस होता, गोव्याला त्याची टीम काय सुंदर खेळायची! पण इंडियाला त्याची पहिली मॅच हैदराबादला मॉरिशसशी, शून्य-शून्य. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. देशाबाहेर तर नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला हरवलं त्यानंतर एकही जिंकलो नव्हतो. ताजिकिस्तान रँकिंगमध्ये आपल्यापेक्षा सत्तावीस जागा वर. त्यांना शेवटचं हरवलं २००८ मध्ये, दिल्लीला आंबेडकर स्टेडियमवर, छेत्रीची हॅट्‌ट्रिक. तेव्हा आपण बारावीत होतो.

सगळं गोड नव्हतं, ते पण लिहितो, नाहीतर तू म्हणशील भक्त झाला. तेविसाव्या मिनिटाला त्यांच्या सामिएव्हने एक परत केला आणि मग दुसऱ्या हाफमध्ये आपण चेंडू जवळ ठेवायचं नावच घेतलं नाही. मिळाला की भिरकाव. आमच्यातला एक जण, तुला माहीत आहे कोण, खंडोबावाला, सारखा कुरकुरत होता: छेत्रीला का नेला नाही, ह्यात पासिंग कुठाय, हे काय फुटबॉल आहे. अरे, मोहन बागानने आपली पोरं कॅम्पला सोडली नाहीत, आयएसएल लीग यंदा होणार की नाही तेच कुणाला ठाऊक नाही, १५ ऑगस्टला बंगळूरला कॅम्प लागला आणि दोन आठवड्यांत मॅच. त्यात पासिंग शिकवायचं? दोन आठवड्यांत आपली गल्ली मंडपाची वर्गणी गोळा करू शकत नाही.

आणि मग त्र्याहत्तराव्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. नेमका तेव्हाच माझा मोबाइल अडकला. ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय. आपला गोलकीपर गुरप्रीत रेषेवर हात पसरून उभा, चित्र तसंच थिजलेलं. मला डोळ्यांसमोर हाँगकाँग दिसायला लागलं, खोटं नाही सांगत. खंडोबावाला म्हणाला, 'गेली.' कुणीच उलटून बोललं नाही. तेवढ्यात पलीकडच्या माडीवरनं एक पोरगं किंचाळलं, 'अडवलीऽऽ!' त्याचं नेटवर्क आमच्यापेक्षा दहा सेकंद पुढं. आम्ही निकाल माहीत असताना ती पेनल्टी बघितली, आणि तरी गुरप्रीतने ती अडवेपर्यंत श्वास धरून होतो. छत्रीवालं पोरगं नाचायला लागलं आणि मोबाइल भिजला. आता स्पीकर खरखरतोय.

दोन-एक जिंकलो. खंडोबावालाच सगळ्यात आधी मोबाइलला पाया पडला.

हे खरं, की पहिल्या मॅचवरनं काही ठरत नाही. मागचा एक कोच कॉन्स्टंटाईन दुसऱ्यांदा आला तेव्हा गुवाहाटीला नेपाळला २-०, आपण खूश. आणि लगेच पुढच्या क्वालिफायरमध्ये काय रडलो. त्याच्यानंतरच्या कोचची, स्टिमाकची पहिली मॅच कुरासावकडून ३-१ हरलो आणि तीनच महिन्यांत कतारला त्यांच्या घरी शून्यावर रोखलं. त्या कुरासावच्या मॅचला आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचं पदार्पण होतं, आठवतं? 'भेके' आडनाव स्क्रीनवर बघून तू तुझ्या आईला हाक मारली होतीस. तो आताही खालिदच्या टीममध्ये आहे.

उद्या इराण. तीन-चार खाऊ, मला माहीत आहे. पण ऑक्टोबरमध्ये सिंगापूर आहे, ९ ला त्यांच्याकडे आणि १४ ला आपल्याकडे, आणि एशियन कपला पात्र ठरायचं खरं गणित तिथंच आहे. तेव्हा तू नागपुरात एकटा बसून मोबाइलवर चोरून स्कोअर बघणार, हे मला तोंडपाठ आहे. परवाही बघितलास ना? रात्री अकराला तुझा 'जागा आहेस का' असा मेसेज उगाच नव्हता आला.

ग्रुपची लिंक परत पाठवलीय. आत आल्यावर कोण काय बोलणार नाही, फक्त तुझं ते कूपरेजवरचं वाक्य एकदा खंडोबावाल्याला ऐकवायचंय, तेही तुझ्याच तोंडून.

आई हाका मारतेय. बायका पंचगंगेवरनं गौरी घेऊन आल्यात आणि भाजी-भाकरीच्या नैवेद्याला केळीचं पान आणायचं काम माझ्याकडे होतं, ते अजून आणलेलंच नाही.

तुझा,
दादू