ताई, सोडियमच्या त्या जोडीसाठी आभार

प्रिय ताई,

प्रोजेक्ट जमा झाला, व्हायवाही पार पडली. तोंडी आभार मानले की तू "बरं बरं, चहा पाज" म्हणून उडवून लावतेस, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

अणूंचा वर्णपट संगणकावर काढायला सोपी वाट होतीच. अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या डेटाबेसमध्ये लिब्जचं, म्हणजे लेझरने पेटवलेल्या प्लाझ्माच्या वर्णपटाचं, पान आहे. मूलद्रव्य, तापमान आणि इलेक्ट्रॉनची घनता भरली की आयता आलेख समोर. तू ते पान दाखवलंस आणि लगेच म्हणालीस, "आता हेच पायथनमध्ये स्वतः कर." तेव्हा मनातल्या मनात तुझ्या नावाने बोटं मोडली होती, आता सांगायला हरकत नाही.

मग सोडियमच्या वर्णपटातल्या दोन पिवळ्या रेषांची जोडी घेतली, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. निस्टच्या यादीतल्या सापेक्ष तीव्रतेच्या रकान्याला हात लावायचा नाही, हा तुझा दंडक. ते आकडे ठिकठिकाणच्या प्रयोगांतून आलेले, गणितात घालायचे नव्हेतच. वरच्या ऊर्जापातळीचं सांख्यिकीय वजन (त्या पातळीत किती अवस्था मावतात), तिथून खाली येण्याची म्हणजे संक्रमणाची संभाव्यता आणि बोल्ट्झमनचा घटक (त्या तापमानाला किती अणू वर असतील) यांवरून रेषेची उंची काढायची. काढली. 589.0 ची रेषा दुसरीच्या दुप्पट आली, आणि लॅबच्या दिव्यात मात्र दोघी जवळपास सारख्या! मी प्रोग्राम उसवायला बसले, तेव्हा तू खुर्ची ओढून शेजारी बसलीस. "कोड ठीक आहे गं. दिव्यातली वाफच स्वतःचा प्रकाश गिळते, आणि जी रेषा जास्त ठळक तीच जास्त गिळली जाते." स्वशोषणावरची टीप मी परीक्षेपुरती घोकली होती, ते घडताना पाहिलं ते तुझ्यामुळे.

रेषेच्या रुंदीचंही तसंच. 500 केल्व्हिनला डॉप्लरमुळे, म्हणजे अणूंच्या धावण्यामुळे, येणारी रुंदी जेमतेम 0.002 नॅनोमीटर. आपल्या स्पेक्ट्रोमीटरवर दिसते ती जवळजवळ सगळी स्लिटची, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या फटीची, करामत, हे तू स्लिट उघडझाप करून दाखवलंस, वर "आधी यंत्र ओळख, मग अणू" असा टोमणाही.

स्वतःच्या थीसिसची धावपळ चालू असताना तू हे सगळं केलंस, याची मला पुरती जाणीव आहे. मनापासून आभार.

चहा लागू आहेच. शिवाय हायड्रोजनची फाइल पाठवते आहे: 486.1 च्या रेषेची रुंदी घेऊन इलेक्ट्रॉनची घनता काढली आहे, पण स्टार्कचा भाग (भोवतालच्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या विद्युतक्षेत्रामुळे येणारी रुंदी) वेगळा करताना स्लिटची रुंदी नीट वजा झालीय का, तेवढं बघशील?

तुझी,
शेजारच्या टेबलावरची