सीनियर पदाची मुलाखत फ्रेशरसारखी देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरीविषयक पानांवर सॉफ्टवेअरच्या मुलाखतींबद्दल जो सल्ला छापून येतो, तो बहुतेक वेळा नुकतेच शिक्षण संपवलेल्यांसाठी असतो. त्यांना तो उपयोगी पडतोच. पण आठ-दहा वर्षे काम केलेले अभियंतेही तोच सल्ला प्रमाण मानून कोडिंगची तीनशे-चारशे कोडी सोडवतात आणि मुलाखतीत भलत्याच ठिकाणी अडकतात. कोडिंगची फेरी सीनियर पदालाही असते, पण ती चाळणी आहे. पद कोणते द्यायचे हे बहुधा सिस्टिम डिझाइन (मोठ्या सेवेचा आराखडा मांडणे) आणि स्वतःच्या कामावरची चर्चा या दोन फेऱ्यांत ठरते. तिथे कमी पडल्यास दर वेळी नकारच येतो असे नाही. अनेकदा ऑफर येते, पण एक पायरी खालची.

कोडिंगबद्दल थोडक्यात. लिहायला लागण्यापूर्वी इनपुट किती मोठे असेल हे विचारावे. यादीत एक लाख घटक असतील तर लूपमध्ये लूप म्हणजे हजार कोटी पावले. ते चालणार नाही. सॉर्ट करून भागत असेल तर तोच हिशेब सतरा लाखांच्या आसपास येतो. घटक वीसच असतील तर सगळे उपसंच तपासले तरी दहा लाखांच्या घरातच राहतो. मर्यादा कळली की पद्धत जवळजवळ ठरते. ४५ मिनिटांतली शेवटची आठ-दहा चाचणीसाठी राखून ठेवावीत: रिकामी यादी, एकच घटक, सगळे घटक सारखे, आकडा ओसंडणे (ठरलेल्या बिटांत न मावणे). बायनरी सर्चमध्ये (क्रमवार यादी दर वेळी निम्मी करत शोधताना) दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिचे निम्मे केले, तर प्रचंड मोठ्या यादीत ३२ बिटांची मर्यादा ओलांडली जाते. ही चूक जावाच्या प्रमाण लायब्ररीतही होती आणि २००६ मध्ये ती जाहीर झाली. तेव्हा आपल्याकडून होणार नाही असे समजू नये. अनुभवी मंडळींची आणखी एक अडचण म्हणजे एडिटरच्या ऑटोकम्प्लीटची (कोड आपोआप पुरा होण्याची) सवय. मुलाखतीत बऱ्याचदा साधी कोरी खिडकी मिळते. सरावही तशाच खिडकीत करावा.

डिझाइनच्या फेरीत घसरण पहिल्या पाच मिनिटांतच सुरू होते. ‘फोटो शेअर करण्याची सेवा उभारा’ एवढे ऐकले की उमेदवार लोड बॅलन्सर (भार वाटणारा), काफ्का (संदेशांची रांग) आणि रेडिस (मेमरीतला जलद साठा) यांचे चौकोन काढायला लागतो. आधी विचारायचे ते असे: वापरकर्ते किती, लिहिणे जास्त की वाचणे, किती उशीर चालेल, एखादी नोंद हरवली तर काय बिघडेल. मग हिशेब. दिवसाचे ८६,४०० सेकंद, सोयीसाठी लाख धरावेत. एक कोटी लोकांनी रोज दहा विनंत्या पाठवल्या तर दिवसाला दहा कोटी, म्हणजे सेकंदाला हजारेक. गर्दीच्या वेळी तिप्पट. हा भार थोडे सर्व्हर सहज पेलतात. रोज दहा लाख फोटो, प्रत्येकी २०० केबी, म्हणजे दिवसाला २०० जीबी आणि वर्षाला ७३ टीबी. तीन प्रती ठेवल्या तर २१९ टीबी. प्रत्येक फोटोची माहिती मात्र ५०० बाइट धरली तर वर्षाची जेमतेम १८० जीबी होते. यातून दोन निर्णय आपोआप निघतात: फोटो ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (फायलींच्या मोठ्या साठ्यात) ठेवायचे, आणि माहितीचा डेटाबेस पहिल्या वर्षी तरी एकाच मशीनवर मावतो, शार्डिंगची (डेटा अनेक मशीनवर वाटण्याची) घाई नको. हिशेबातून असा निर्णय निघत नसेल तर ती नुसती पाढ्यांची परीक्षा. कित्येक जण आकडे मांडतात आणि पुढे त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आराखडा वीस मिनिटांत संपवावा. उरलेला वेळ ‘हे बंद पडले तर?’ या प्रश्नांचा असतो, आणि सीनियर माणूस तिथेच ओळखू येतो. पैसे भरण्याची विनंती गेली आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर पुन्हा पाठवायची का? ‘आयडेम्पोटन्सी की’ (विनंती पुन्हा आली तरी काम एकदाच व्हावे म्हणून तिला दिलेली खूण) हे उत्तर अनेकांना पाठ असते. पुढचा प्रश्न आला की गडबड होते. ती की पाठवणाऱ्याने तयार करायची, प्रत्येक पुनःप्रयत्नात तीच वापरायची आणि व्यवहाराची नोंद व की डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही साठतील, नाहीतर एकही नाही अशा रीतीने), तीच की दुसऱ्यांदा साठू नये असे युनिक बंधन घालून साठवायची. प्रत्येक प्रयत्नाला नवी की बनवली तर पैसे दोनदा जातात. पुनःप्रयत्नांचेही तसेच. एकाखाली एक अशा तीन थरांनी प्रत्येकी तीन वेळा प्रयत्न केला तर सर्वांत खालच्या, आधीच दमलेल्या सेवेवर एका विनंतीच्या २७ होतात. म्हणून पुनःप्रयत्न एकाच थरात करावेत, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवावा आणि त्यात थोडी यादृच्छिकता ठेवावी, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी पुन्हा आदळतात.

सरासरी प्रतिसादवेळ सांगून थांबणे हीही नेहमीची उणीव. एक पान उघडताना मागे शंभर सेवांना हाक जात असेल आणि प्रत्येक सेवा शंभरात एकदाच रेंगाळत असेल, तरी ६३ टक्के पाने रेंगाळतात. म्हणून पी९९, म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्या जेवढ्या वेळात पुऱ्या होतात तो काळ, विचारला जातो. ‘आमची सेवा ९९.९९ टक्के चालू राहील’ असे म्हणताना वर्षभरात फक्त ५३ मिनिटे बंद राहण्याची मुभा आहे, हे लक्षात असावे; रात्री कुणाला तरी उठवून हाताने दुरुस्ती करायची असेल तर एकाच बिघाडात त्यातली बहुतेक संपतात.

अनेक मशीनवर पसरलेल्या प्रणालींविषयीच्या ‘कॅप’ सिद्धांताबद्दल तर वेगळी तक्रारच करायला हवी. संगणकशास्त्रज्ञ ब्रूअर यांनी २००० मध्ये तो मांडला, गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये त्याची सिद्धता दिली, आणि तेव्हापासून सुसंगत माहिती, उपलब्धता आणि नेटवर्क तुटणे सोसणे या ‘तीनपैकी दोन निवडा’ हे वाक्य तोंडोतोंडी फिरते आहे. नेटवर्क तुटणे ही निवडण्याची गोष्टच नव्हे. ते तुटल्यावर नकार द्यायचा की कदाचित जुनी असलेली माहिती द्यायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर संपूर्ण प्रणालीसाठी एकच नसते. लाइकची संख्या मिनिटभर जुनी चालते, खात्यातून पैसे काढताना शिल्लक जुनी चालत नाही.

सर्वांत दुर्लक्षित फेरी स्वतःच्या कामाची. ‘तयारी कसली करायची, काम मीच केले आहे’ असे वाटते आणि प्रत्यक्षात तपशील आठवत नाहीत. दोन-तीन प्रकल्प निवडून प्रत्येकाबद्दल एक पान लिहून काढावे: अडचण काय होती, कोणते पर्याय नाकारले आणि का, आधीचे व नंतरचे आकडे, काय मोडले. मुलाखत घेणारा चार पायऱ्या खाली उतरतो. संदेशांची रांग का ठेवली? डेटाबेसमधले एक टेबल का पुरले नाही? सेकंदाला किती संदेश होते? रांगेतले संदेश वाचणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर? निर्णय आधीच्या लोकांचा असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि तो आज योग्य वाटतो का यावर बोलावे. ‘आम्ही केले’ हे वारंवार आले की त्यातला तुमचा भाग विचारावाच लागतो. कंपनीची गोपनीय माहिती टाळायला ग्राहकाचे नाव गाळावे, नेमक्या आकड्याऐवजी प्रमाण सांगावे.

डेटा स्थलांतराचे काम केले असेल तर ते जरूर निवडा, कारण त्यात खाचाखोचा भरपूर असतात. सेवा बंद न करता डेटाबेस बदलायचा तर आधी दोन्हीकडे लिहायचे, मग जुन्या नोंदी भरायच्या, दोन्हीकडची उत्तरे ताडून पाहायची, वाचन थोडे थोडे नव्याकडे वळवायचे आणि शेवटी जुन्यातले लेखन थांबवायचे. हमखास बिघडणारी जागा म्हणजे जुन्या नोंदी भरताना, नुकत्याच बदललेल्या नोंदीवर शिळी प्रत चढते. आवृत्ती क्रमांक तपासल्याशिवाय लिहू नये. असा एक तपशील आला की समोरच्याची खात्री पटते. मतभेदाच्या प्रश्नालाही प्रत्येक वेळी स्वतःच्या विजयाची कथा नको. पुरावा पाहून मत बदलल्याचे उदाहरण जास्त वजनदार ठरते.

हाताशी सहा आठवडे असतील तर दोन कोडिंगला आणि उरलेले डिझाइनला द्यावेत. कामाची टिपणे मात्र पहिल्याच आठवड्यात लिहायला घ्यावीत, आकडे आठवायला वेळ लागतो. डिझाइनची तयार उत्तरे वाचून समजल्यासारखी वाटतात. ४५ मिनिटांचा गजर लावून, कोरा कागद घेऊन मोठ्याने बोलल्यावर कुठे अडतो ते कळते. दर आठवड्याला एकदा तरी समोर शंका काढणारा सहकारी बसवावा.

शेवटची पाच मिनिटे उमेदवाराच्या प्रश्नांची असतात. ती ‘काही नाही’ म्हणून सोडू नयेत. ऑन-कॉलची (बिघाड झाल्यास धावून जाण्याची) पाळी किती जणांत फिरते, रात्री किती वेळा फोन वाजतो, मागच्या मोठ्या बिघाडानंतर काय बदलले, डिझाइनचे निर्णय लेखी असतात का, हे वेगवेगळ्या फेऱ्यांत दोघा-तिघांना विचारावे. उत्तरे एकमेकांशी जुळत नसतील तर ऑफरवर सही करण्यापूर्वी पुन्हा विचारणा करायला मोकळीक असते.

— एक मुलाखतकार