चेंबर संगीताला वरातीचा साउंड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य चेंबर संगीत (मोजक्या वादकांनी छोट्या जागेत वाजवायचं) आणि जॅझ यांचा मेळ घालणाऱ्या पाहुण्या वादकांना कोल्हापुरात बोलवायचं म्हणजे धाडसच. ते करणाऱ्या मंडळांचं कौतुक. पण सभागृह ठरलं, फलक लागले की ध्वनिव्यवस्था वरातीच्या साउंडवाल्याकडे जाते आणि निम्मा कार्यक्रम तिथंच वाया जातो.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो हा संच मुळात खोलीत, माइकशिवाय वाजवायचा. चौघं एकमेकांचा श्वास ऐकत वाजवतात, म्हणून त्यांना अर्धवर्तुळात जवळ बसवा. फोटो चांगला यावा म्हणून रंगमंचभर ओळीत पसरवलं की ताल सुटतो. शेजारी जॅझचा पियानो, डबल बास आणि ड्रम्स आले की पारडं ड्रम्सकडे झुकतं. आपल्याकडे ड्रम्सलाच आधी पाच-सहा माइक लावले जातात! तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात त्यांना एकही लागत नाही. ड्रम्स मागे कोपऱ्यात, खाली जाड सतरंजी, आणि हळुवार भागात काठ्यांऐवजी ब्रश. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली इथं पॅलेस थिएटर उभारलं, तेव्हा गायकाचा आवाज ध्वनिक्षेपकाविनाच पोचवावा लागे, हे याच गावाला सांगावं लागतं.

माइक लावायचेच तर तंतुवाद्यांना क्लिप माइक लावा. समोर स्टँडवर ठेवलेला कंडेन्सर माइक व्हायोलिनपेक्षा ड्रम्सच्या झांजाच जास्त उचलतो, आवाज वाढवला की शिट्टी मारतो. मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकला त्याच्याच तारेतून मिळणारी वीज) आहे का, हे आदल्या दिवशीच बघा. नाहीतर हे माइक मुकेच राहतात. एको बंद, कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं यंत्र) बंद. लिहिलेल्या भागातला लहान-मोठा आवाज वादकच सांभाळतात, तिथं फेडरला (मिक्सरवरच्या आवाजाच्या पट्टीला) हात लावू नये. जॅझच्या भागात एकल वादन या वाद्याकडून त्या वाद्याकडे जातं, तेवढ्यापुरतं ते वाद्य किंचित उचलायचं. कुठल्या रचनेत कोण एकल वाजवणार, याची यादी वादकांकडून मागून घ्या. अमेरिकन संगीतकार गुंथर शुलर यांनी १९५७ साली ज्याला ‘थर्ड स्ट्रीम’ म्हटलं, त्या अभिजात-जॅझ मेळाच्या संगीताची सगळी कसोटी लिहिलेल्यातून उत्स्फूर्तात शिरण्याच्या सांध्यावर असते. साउंड चेकही त्या सांध्यांचाच करा. नुसतं ‘हॅलो, वन टू’ म्हणून भागत नाही.

हातांच्या प्लॅस्टिक खुर्च्या चालत नाहीत, गज चालवताना कोपर आपटतं. चेलोच्या खाली पोलादी टोकाचा दांडा असतो. तो फरशीवर घसरतो, आणि सतरंजी अंथरली तर सतरंजीसकट घसरतो. फूट-दीड फुटाच्या फळीला उथळ भोक पाडून ती दोरीनं खुर्चीच्या पुढच्या पायांना बांधली की प्रश्न मिटतो. सुतार दहा मिनिटांत करून देतो. स्वरलिपीचे कागद पंख्यानं उडतात, त्यासाठी कपड्यांचे चिमटे ठेवा. दिव्यांचे डिमर आणि साउंड एकाच फेजवर घेऊ नका, स्पीकरमधून घूं घूं सुरू होते.

पियानो खरा असेल तर तो रंगमंचावर जागेवर ठेवल्यावरच जुळवायचा. सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात; दोन-तीन तास शांतता लागते. त्याच वेळी मागं पडद्याला खिळे ठोकणं चालू असेल तर जुळवणारा काय ऐकणार? ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झवर हवा की ४४२ वर, हे आधी विचारा. ऐनवेळी पियानो बदलत नाही, बाकीच्यांना त्याच्याकडे यावं लागतं.

पावसाळ्यात लाकूड फुगून व्हायोलिन-चेलोच्या तारा ताणायच्या खुंट्या घट्ट बसतात, एसीच्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या सुटतात. म्हणून एसी दोन तास आधी लावा आणि शेवटपर्यंत एकसारखा ठेवा. पुण्याहून येताना कराडला जेवायला थांबलात तर वाद्यं उन्हातल्या गाडीत ठेवू नका. व्हायोलिन-चेलोचे जोड सरसानं चिकटवलेले असतात, उष्णतेनं ते सुटतात.

टाळ्यांबद्दल निवेदकानं दोनच वाक्यं सांगावीत: चेंबर रचनेच्या दोन भागांमध्ये टाळी नाही, जॅझमध्ये एकल वादन संपलं की खुशाल, बैठकीत तान समेवर आली की देतो तशी. आणि शाल-श्रीफळ कार्यक्रमानंतर. वाद्यं जुळवून वादक बसले असताना अर्धा तास भाषणं चालली तर पहिली रचना बेसूरच ऐकावी लागते.

आपले,
ध्वनिव्यवस्था व वाद्यजुळणीचं काम करणारे काही जण, कोल्हापूर